पितळी हंड्याला लागलेली कीड

आधी गोमाजीचा हिशेब मांडू, बाबाचा मागाहून. बाबा काय, येता-जाता माणूस. दुकान गोमाजीचं होतं.

पोलादपूरहून घाटरस्ता सोडून तासभर चढलं की सडेकोंड ही वाडी लागते. तिथल्या गोमाजीने मुंबईच्या गोदीत हयात काढली आणि परत येऊन ओटीवर दुकान टाकलं. चहा पावडर, गूळ, रॉकेल आणि मुख्य म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, पुड्या बांधायच्या. बाया सकाळ-संध्याकाळ ती हिरड्यांना घासत बसतात. दातांची कीड धुराने काढणारा धुरीबाबा या दुकानापुढे बसायला लागला तेव्हापासून, अंगण गोमाजीचं म्हणून, रोग्यांनी आणलेल्या नारळांत निम्मा वाटा गोमाजीचा. रांगेतल्यांना चहा लागे, तो गोमाजीचा. बाबा ज्या पुड्या मंतरून देई त्याही गोमाजीच्याच तव्यावरच्या. काल जी नुसती मशेरी होती, तिच्यावर फुंकर पडली की ती औषध होई, आणि औषधाच्या भावात कोणी घासाघीस करत नाही.

पण दुकानाची खरी पाटी गोमाजीच्या तोंडात होती. साठीला टेकलेला माणूस, आणि दात पांढरे, सरळ, एका मापाचे, कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे. रोज सकाळी कडुलिंबाची काडी तोंडात धरून तो वाडीतून एक फेरी मारी. कोणी विचारलं तर म्हणे, "सकाळी काडी, रात्री आपल्या दुकानची मशेरी. आणखी काय लागत नाय." मटणाला बोलावलं तर मात्र रस्सा तेवढा पिई. दात जपावे लागतात, म्हणे. लोकांना हे पटे. ज्याचे दात चांगले त्याचं सगळंच पटतं.

पौर्णिमा-अमावास्येला त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. डोंगरातल्या वाड्यांमधून गाल सुजलेल्या बाया येत. महाडच्या नव्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेली पोरं मोटारसायकली पायथ्याला लावून वर चढत. मधोमध बाबा. भगवा लंगोटा, वरून टेरिकॉटचा सदरा, कपाळाला राख. पुढ्यात परात, परातीत पाणी, पाण्यात दगड आणि दगडावर इंगळासारखा तापवलेला नांगराचा फाळ. बाबा तुपात माखलेलं चिमूटभर 'औषध' फाळावर टाकी, चर्र आवाज होई, की लगेच बूड फोडलेलं मडकं वर पालथं. बुडाच्या भोकात नळी, आणि नळी रोग्याच्या तोंडात. पांढरा धूर गालात शिरला की माणसाच्या डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ.

"धूर चढे वर, कीड पडे खाली!" बाबा गर्जे. "डाव्या दाढेची डावीकडून ये, उजव्या दाढेची उजवीकडून ये, आई-बाप सोडून ये, पोरंबाळं घेऊन ये!"

मग मडकं उचलायचं. परातीतल्या पाण्यावर बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगत असायचे. लोक एकदम मागे सरकायचे आणि लगेच दुप्पट पुढे यायचे.

बाबा काडीने एकेक किडा वेगळा करून त्याची ओळख करून देई. "हा गूळखाऊ. हा चहाबाज. हा मेला मागच्या जन्माचा, बघ कसा म्हातारा झालाय." कारखान्यातल्या चंदूला त्याने सांगितलं, "हा तुझ्या कंपनीतला. वास घे, औषधाचा वास मारतोय." चंदूने वास घेतला आणि मारतोय म्हणाला. एखादी तरुण बाई असली की बाबा काडी जरा जास्त वेळ फिरवी. "आणि हा कोण सांगू? हा सासूला उलट बोलल्याचा." सासवा या किड्यावर फार खूश असत.

नळ्या दोन होत्या. वाडीतल्यांना गुळगुळीत बांबूची. खालच्या बौद्धवाडीतला रामजी दाढ धरून आला तेव्हा त्याला पपईच्या पानाचा देठ मिळाला, वापरून फेकायचा. किड्यांना जात नव्हती, नळीला होती.

धुरी झाल्यावर पथ्य. "आंबट बंद. हिरवं बंद. कच्चं बंद. आंबटावर कीड माजते, पाल्यावर अंडी घालते. भात खा, मीठ खा, सुकी मासळी खा, आणि मशेरी सोडू नका. उतार पडला नाय तर समजा पथ्य मोडलंय."

या शेवटच्या वाक्यात बाबाचं सगळं शिक्षण होतं.

पथ्य सगळ्यांना सांगितलं होतं. पाळावं लागलं ते घरातल्या सुनांना. पोरं रानात आवळे खात, बापये ताडीबरोबर लिंबू चोखत, आणि सासवा सुनांच्या ताटावर नजर ठेवत. गोमाजीच्या घरी ही नजर त्याच्या बायकोची, ठमाबाईची होती आणि ताट नीलाचं.

नीला ही गोमाजीची सून. श्रावणात बाळंत झाली, मुलगा झाला. बाळंतपणात हिरड्या थोड्या हुळहुळतात, तशा तिच्या हुळहुळत होत्या. भाद्रपदात बाबा आला तेव्हा ठमाबाईने पहिलं गिऱ्हाईक घरातलंच बसवलं. सव्वा महिन्याचं बाळंतिणीचं पथ्य संपायच्या आत बाबाचं सुरू झालं, आणि ते संपेना. भात, मीठ, सुका बोंबील. परसात आवळीचं झाड लगडलेलं होतं, नीला नुसतं तिकडे बघायला लागली तरी ठमाबाई विचारी, "काय गो, कीड बोलावते वाटतं?"

मार्गशीर्षापर्यंत नीलाच्या हिरड्या जांभळ्या होऊन दातांवर चढल्या. सकाळी उशीला रक्त लागलेलं असे. पोटऱ्यांवर डाग पडले, जिना चढताना गुडघे भरून येत, दूध आटलं. धुरी दिली की किडे निघत. किडे निघाले की पथ्य कडक होई. पथ्य कडक झालं की रक्त वाढे. धंदा म्हणून याच्याइतकी सरळ वस्तू पाहायला मिळत नाही.

मग बायका विहिरीवर बोलायला लागल्या. तोंडाला रक्त, पोर सुकत चाललेलं. कुणाचं रक्त आहे ते? ठमाबाईने हे ऐकलं आणि खोडून काढलं नाही.

वाडीच्या शाळेत सुंदराबाई शिकवायला होत्या. महाडच्या बौद्ध वस्तीतल्या, पन्नाशीच्या, आवाज शाळेच्या घंटेसारखा. रामजी त्यांचा चुलतभाऊ. त्याच्या देठातून निघालेले किडे त्यांनी पानावर उचलून शाळेत आणले आणि भिंगाखाली धरले. किड्याला तोंड सापडेना, शेपूट सापडेना. एका बाजूला बियाचं फोलपट मात्र चिकटलेलं सापडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधावरची भुईरिंगणीची पिवळी फळं फोडली. पुढचं त्या कोणाला बोलल्या नाहीत.

शनिवारी त्या महाडला गेल्या तेव्हा ओळखीच्या डॉक्टरांना नीलाची हकीकत सांगितली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "पोटऱ्यांवर डाग आहेत? आणि खाते काय?" ऐकून ते म्हणाले, "बाई, जहाजावरच्या खलाशांना होई हा रोग, महिनोन् महिने ताजं काही न मिळाल्याने. डोंगरात, आवळीच्या झाडाखाली कोणाला झालेला मी ऐकला नव्हता. तिला आवळे द्या, शेवग्याचा पाला द्या. मशेरी फेकून द्या. लवकर करा, दात हलायला लागले असतील."

सुंदराबाई आवळे घेऊन गोमाजीच्या अंगणात गेल्या.

"आत्याबाई, हे सुनेला द्या. रोज दोन. औषध समजा."

ठमाबाईने पदराआडून हात न काढताच आवळ्यांकडे पाहिलं. "आंबट हाय."

"आंबट आहे म्हणूनच."

"आणि तुमच्या हातचं."

सुंदराबाईंनी आवळे ओट्याच्या कडेला ठेवले आणि त्या वळल्या. फाटकापाशी पोचेपर्यंत ते शेळीपुढे पडले होते. शेळीच्या हिरड्या वाडीत सगळ्यांत घट्ट होत्या, त्याचं कारण शोधायला कोणा डॉक्टरची गरज नव्हती.

नीलाच्या तोंडात चेटूक आहे का, याचा निकाल पौषाच्या पौर्णिमेला बाबा लावणार होता. नीलाचा नवरा सहदेव मुंबईहून बोलावून घेतला होता. तो बॅग खांद्यावरून न उतरवताच खांबाला टेकून उभा राहिला आणि एकदा म्हणाला, "ये सब लवकर आटपा ना, मला उद्याची ड्युटी हाय." त्याच्याकडून एवढंच मत मिळालं.

नीलाला परातीपुढे बसवलं. धुरीआधीच नळीला रक्त लागलं. मडकं उचललं, तर किडे होतेच आणि पाण्याला लाली आली होती. बाबाने काडी हवेत धरली.

"हा साधा किडा नाय. हा रक्तकिडा. हा एका तोंडात राहत नाय, घरभर फिरतो. दूध याने प्यायलं. पोराला पण हाच पितोय." मग गोमाजीकडे वळून, "घरधनी, बसा. घरात किती पसरलाय ते बघू."

गोमाजी हे धरून चालला नव्हता. तो म्हणाला, "माझं काय? माझे दात वाडीला म्हायत हायत."

"म्हणूनच बसा. तुमच्यात कीड निघाली तर मग बोलायलाच नको."

सगळं अंगण बघत होतं. गोमाजी बसला. नळी तोंडात घेतली, खोकला, डोळे पुसले. बाबाने मडकं उचललं आणि परातीत किडे तरंगत होते, चांगले मूठभर. लोकांनी श्वास आत ओढला.

आता या जागी जरा थांबू, कारण अंगणाला न कळलेलं काहीतरी गोमाजीला कळलं होतं. त्याच्या तोंडात किडा शिरायला जागाच नव्हती. त्याचे स्वतःचे दात मशेरीने गोदीतच खाल्ले होते. आत्ता तोंडात जी पांढरी रांग होती ती मुंबईतल्या कारागिराने मसाला ओतून बनवलेली कवळी होती, वरची एक, खालची एक. बाबा ढोंगी आहे हे त्याला त्या क्षणी डोळ्यांनी दिसलं. समोर सून बसली होती, तोंडाला पदर लावून. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याने बाबाबरोबर दुकानाची पाटीही उतरली असती. गोमाजीने दोन्ही बाजू तोलल्या आणि तोंड मिटून घेतलं.

"बघितलं?" बाबा म्हणाला. "साठ वर्षं ज्या दातांना डाग नाय, त्यांना सुनेने कीड लावली. हिला आज माहेरी पाठवा. पोर इथंच ठेवा, शेळीच्या दुधावर. हिच्या अंगाला लावलंत तर अमावास्या बघणार नाय ते."

ठमाबाई उठली आणि तिने नीलाच्या मांडीवरून पोर उचललं. पोर रडायला लागलं. सहदेवने बॅगेचा पट्टा नीट केला.

नीला सासऱ्यापुढे कधी बोलली नव्हती. बोलायची रीत नव्हती, आणि गेले दोन महिने तोंड उघडलं की दुखायचं. ती तोंडावरचा पदर काढून म्हणाली, "मामंजी, तुमच्या दातांना कीड कशी लागंल?"

"गप गो," ठमाबाई म्हणाली.

"कल्हईच्या वाटीत ठेवता ना रात्री. मीच घासते रोज पहाटं, मीठ लावून. वरच्या पट्टीला डावीकडं बारीक तडा हाय. सांगा ना. तुम्हाला ठाव हाय सगळं."

गोमाजी पांढरा पडला, पण आवाज काढून म्हणाला, "रोगानं डोकं फिरलंय पोरीचं. माझे दात, जल्माचे."

शेजारची ठकूबाई पुढच्या रांगेत होती. तिच्या तोंडात दात नावाला नव्हता, आणि तिने ते कधी लपवलं नव्हतं. तिच्या टोपलीत पेरू होते, कच्चे, हिरवे, दगडासारखे. तिने एक गोमाजीपुढे धरला.

"मंग चाव की रे गोमाजी. मटण रस्सा करून खातोस, भाकर चहात बुडवतोस. पंधरा वरसं बघते मी. जल्माचे हायत तर चाव."

"मला पथ्य हाय. कच्चं बंद."

"एक घास. पथ्य मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर."

कोणीतरी मागून म्हणालं, "चावा ओ गोमाजीशेट." दुसऱ्याने तेच म्हटलं. गोमाजीने बाबाकडे पाहिलं; बाबाला यातलं काही माहीत नव्हतं, तो खुशाल मान हलवत होता. गोमाजीने डोळे मिटून पेरूला तोंड लावलं, जोर केला, आणि पेरू बाजूला घेतला. वरचे दात पेरूबरोबर आले. पेरूत रुतून ते तसेच हसत राहिले, आणि त्यांच्या मागे गोमाजीचं तोंड रिकाम्या थैलीसारखं आत गेलं.

पहिल्यांदा ठकूबाई हसली. मग अंगणात हसण्याला धरबंध राहिला नाही. बराच वेळ कोणाचंच कोणाला ऐकू येईना.

बाबा तयार माणूस होता. हसणं ओसरायला लागताच म्हणाला, "दात खोटे असतील. हिरडी तर खरी हाय ना? किडा हिरडीतला."

काही माना हलल्याही. ढोंग पेरूत अडकलेलं डोळ्यांपुढे होतं, तरी हलल्या. चार महिने ज्याला नारळ दिले तो खोटा निघावा असं कोणाला वाटतं?

"बरोबर," सुंदराबाई गर्दीतून पुढे येत म्हणाल्या. "मग ज्याला हिरडी नाही असं काहीतरी बसवू. आत्याबाई, तुमचा पाण्याचा हंडा आणा."

"माझा हंडा नाय द्यायची तुम्हाला."

"मी शिवत नाही. तुम्हीच ठेवा."

हंडा ठकूबाईनेच उचलून आणला. रिकामा, आडवा, परातीपाशी. सुंदराबाईंनी नळीचं टोक हंड्याच्या तोंडात सरकवलं, बांबूच्या नळीचं, आणि कोणी हरकत घेतली नाही. बघायची घाई सगळ्यांनाच होती. परातीतलं पाणी त्यांनी बदलून घेतलं, फाळ चुलीत घालून पुन्हा लाल करवला. मग पदराच्या गाठीतून पिवळी फळं काढली.

"ही भुईरिंगणी. तुमच्या बांधावर पायाला काटे टोचते ती. याचं बी." त्यांनी फळ फोडून बी तुपात चोळलं आणि फाळावर टाकलं. चर्र झालं. मडकं पालथं पडलं. धूर नळीतून हंड्यात गेला आणि हंडा काही खोकला नाही.

मडकं उचललं. परातीत किडे होते. पांढरे, बारीक, वाकडे.

"बी तापलं की फुटतं," सुंदराबाई म्हणाल्या. "आतला कोंब बाहेर उडतो आणि पाण्यात पडतो. तोच हा किडा. नळीतून खाली काही येत नाही, धूर फक्त वर जातो. आता बाबा, ओळख करून द्या. यातला चहाबाज कोण? आणि या हंड्याने सासूला उलट उत्तर कधी दिलं?"

बाबाने झोळी उचलली. "कलियुग," असं काहीसं म्हणाला आणि पायवाटेला लागला. त्याला कोणी मारलं नाही, हे लोकांच्या चांगुलपणामुळे नव्हे. सगळे परातीत बोट घालून किडे फोडून बघत होते. मोरू म्हाताऱ्याने एक चावून पाहिला आणि म्हणाला, "बीच हाय. कडू."

सुंदराबाई नीलापाशी गेल्या. लोकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिच्या तोंडात चेटूक नाही. ताज्या आंबट फळांत, हिरव्या पाल्यात एक सत्त्व असतं, क जीवनसत्त्व म्हणतात. त्याच्यावर हिरडीचं मांस धरून राहतं, जसं चुन्यावर दगड. चार महिने तुम्ही हिला ते मिळू दिलं नाही, आणि होतं नव्हतं ते मशेरीने जाळलं. भिंत ढासळली. किडे कोणी सोडले विचारता? ताट कोणी वाढलं ते विचारा."

ठमाबाईने पोर परत दिलं. मग ती आवळीकडे गेली, पण झाड हलवलं नाही; खाली पडलेलेच चार आणून नीलापुढे टाकले. नीलाने त्यातला एक उचलून चावला. आवळ्याला दात लागले, आणि पुढचे दोन आवळ्यातच राहिले. पेरूवर जेवढे लोक हसले होते तेवढे या वेळी हसले नाहीत.

पंधरवड्यात उशीवरचं रक्त थांबलं. महिन्याभरात पोटऱ्या साफ झाल्या, दूध आलं. गेलेले दात मात्र गेलेच, आणि त्यांच्या शेजारचे दोन महाडच्या डॉक्टरांना काढावे लागले. सहदेवने मुंबईहून लिहिलं की नवे दात बसवायला खर्च फार सांगतात, बघू.

आता वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. अंगणात उद्या दुसरा कोणी येईल. धूर नसेल तर पाणी असेल, पाणी नसेल तर अंगारा. तोंड पुढे करण्याआधी त्याची नळी एकदा हंड्याला लावून बघा. हंड्यालाही गुण आला, तर आपल्या तोंडात काय आहे ते त्याला कळणार नाही हे समजून घ्या. आणि जो म्हणेल की गुण आला नाही तर चूक तुमची, त्याला चहासुद्धा पाजू नका.

राहिला हिशेब. बाबा त्याच महिन्यात महाबळेश्वरच्या बाजूला कुठल्या तरी वाडीत पोटदुखीचे खडे काढत होता. त्याचं बूडही भाजलं नाही. लोकांचे नारळ गेले, ते त्यांनी देवाला दिले असं धरून चालतात. गोमाजीच्या वरच्या पट्टीचा तडा पेरूने वाढवला, पण तिने अजून काम सोडलेलं नाही. दुकानही चालतं. मशेरीच्या बरणीशेजारी आता सुकवलेल्या आवळ्याची बरणी आहे, आणि गोमाजी गिऱ्हाइकाला सांगतो, "हिरडीला घट्ट. आमच्या सुनेला यानंच गुण आला." आवळे परसातले, फुकटचे. ते झाडावरून काढायचं, फोडायचं, वाळवायचं काम नीलाचं. सासऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं म्हणून त्या घरात तिच्याशी कामापलीकडे अजून कोणी बोलत नाही. कल्हईची वाटीही पहाटे तीच घासते.

कोणी खरंच गुण आला का असं विचारलं तर ती तोंडाला पदर लावून मान हलवते. पदर काढत नाही.